न उघडलेल्या खेळाचं मोल

९ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. प्रत १९८७ सालची, पुठ्ठ्याच्या खोक्यातली, वरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून शाबूत. वाटा या प्रतवारी करणाऱ्या कंपनीनं खोक्याला १० पैकी ९.० गुण आणि प्लास्टिकच्या वेष्टनाला ‘ए’ दर्जा दिला होता. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली आणि झेल्डाचा विक्रम मोडला. बातम्या आल्या त्या रकमेच्या. पण त्या ९.० आणि ‘ए’मध्ये आतल्या कार्ट्रिजबद्दल, म्हणजे यंत्रात बसवायच्या खेळाच्या डबीबद्दल, काहीच नव्हतं. असणार तरी कसं? पाहायचं तर वेष्टन फाडावं लागतं, आणि वेष्टन फाडलं की भाव गेला.

या रीतीला माझा विरोध आहे. जुन्या व्हिडिओ गेमची पारख त्याच्या सर्किट बोर्डापासून सुरू व्हायला हवी. तो चालतो का, त्यात जतन केलेला डाव टिकतो का, सोबतचे कागद पुरे आहेत का, आजवर कुणी काय दुरुस्त केलं याची नोंद आहे का, या क्रमानं. खोक्याचे कोपरे आणि प्लास्टिकची चमक सगळ्यात शेवटी. हा नुसता हौशी संग्राहकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. १९८०च्या दशकातले हे खेळ आता सार्वजनिक वारसा झाले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या द स्ट्राँग संग्रहालयानं २०१६ साली झेल्डाला वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिलं. बाजार ज्या निकषावर वारशाची किंमत करतो, त्याच निकषावर लोक तो वारसा सांभाळू लागतात. आणि आजचा निकष सांगतो की उघडू नका, तपासू नका, चालवू नका.

झेल्डाचंच उदाहरण घेण्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला आणि कोजी कोंदो यांनी संगीत दिलेला हा खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये आला, तो कार्ट्रिजवर नव्हे तर डिस्कवर. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीवर खेळायच्या यंत्राला जोडायची ‘डिस्क सिस्टिम’ त्याच दिवशी १५,००० येनला विक्रीला आली आणि झेल्डा हा तिचा पहिल्या दिवसाचा खेळ होता. दोन्ही बाजू मिळून डिस्कची क्षमता ११२ किलोबाइट. डाव लिहिला जायचा तो त्याच डिस्कवर. झेल्डाला हे हवंच होतं, कारण तो एका बैठकीत संपणारा खेळ नव्हता. १६ बाय ८ अशा १२८ पडद्यांचा खुला प्रदेश, नऊ भुयारं, आणि ते सगळं पार केल्यावर भुयारांच्या रचना बदललेली दुसरी मोहीम. (पहिली टाळून थेट दुसरी हवी असेल तर नावाच्या जागी ‘झेल्डा’ ही पाच इंग्रजी अक्षरं टाकायची.) मारिओसारखा खेळ वीज बंद केली की विसरून गेला तरी चालत होतं. इथे मात्र काल मिळालेली तलवार आज हातात असायलाच हवी होती.

जपानी डिस्क घेणाऱ्यानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दुकानांमधल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा खेळ लिहून मिळायचा. दुकानांतली यंत्रं गेल्यावरही निन्टेंडो स्वतः ही सेवा २००३पर्यंत देत होतं. त्यामुळे लेबलावर झेल्डा आणि आत भलताच खेळ, असं सहज घडतं. चालवून पाहिल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही. आणि चालवायला ड्राइव्ह हवा, तर त्याचा रबरी पट्टा इतक्या वर्षांत चिकट काळा लगदा होऊन बसलेला असतो. तो खरवडून, पुली साफ करून नवा पट्टा बसवावा लागतो, आणि मग वाचणाऱ्या डोक्याची जागा पुन्हा जुळवावी लागते. हे न करता नुसत्या लेबलावरून भाव सांगणाऱ्या विक्रेत्याला आपण काय विकतो आहोत हेच ठाऊक नसतं.

अमेरिकेत डिस्क सिस्टिम गेलीच नाही. म्हणून १९८७ साली तिथे झेल्डा सोनेरी कार्ट्रिजमध्ये आला. आत १२८ किलोबाइटची प्रोग्रॅमची रॉम चिप, एमएमसी१ ही नियंत्रक चिप, डाव साठवायला ८ किलोबाइटची रॅम, आणि ती रॅम जागी ठेवायला सीआर२०३२ जातीची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी. रॉम ही मास्क रॉम, म्हणजे माहिती चिप बनवतानाच तिच्यात कायमची कोरलेली. ती चांगली टिकते. रॅमचं तसं नाही. तिला सतत वीज हवी, टीव्ही बंद असताना आणि कार्ट्रिज कपाटात पडून असतानाही. वीज तुटली की ते ८ किलोबाइट गेले, आणि त्यांच्याबरोबर तीन खेळाडूंची नावं आणि त्यांच्या मोहिमा गेल्या.

बॅटरीचं गणित सोपं आहे. सीआर२०३२ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. स्वस्थ पडलेली रॅम एक मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज ओढते असं धरलं, तर २,२०,००० तास, म्हणजे साधारण पंचवीस वर्षं. शिवाय वर्षाला टक्काभर क्षमता बॅटरीच्या आतच झिजते. रॅम चिपांमध्ये उन्नीसबीस असतं, त्यामुळे काही कार्ट्रिजेस वीस वर्षांत मेली तर काहींतली मूळ बॅटरी अजून तग धरून आहे. १९८७मध्ये बसवलेल्या बॅटरीच्या दृष्टीनं आजचा प्रत्येक दिवस फुकटात मिळालेला आहे.

वेष्टनाच्या आत काळ थांबत नाही. सीलबंद प्रतीतलं कार्ट्रिज कधीच लावलं गेलं नसेल, पण बॅटरी कारखान्यातच बसवलेली आहे आणि रॅम तेव्हापासून तिच्यातून वीज ओढते आहे. लिथियमच्या नाणे-बॅटऱ्या साध्या अल्कलाइन सेलसारख्या सहज गळत नाहीत, पण कधीच गळत नाहीत असंही नाही. गळल्या तर तांब्याच्या वाटा खातात. ८ लाख ७० हजारांच्या त्या प्रतीची बॅटरी जिवंत आहे की संपली, कोरडी आहे की पाझरते आहे, हे विकत घेणाऱ्याला कळू शकत नाही. आणि कळावं असं तिथल्या व्यवहारात कुणालाच वाटत नाही, याचं मला अधिक वाईट वाटतं.

उघडलेल्या प्रतीचं मात्र सगळं पाहता येतं. एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचा अमेरिकी अवतार; त्याच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजेसना साधे चपट्या खाचेचे पाच स्क्रू असत. नंतरच्यांना खास डोक्याचे तीन, त्यांना ३.८ मिलिमीटरची ‘गेमबिट’ लागते. तीन स्क्रूंच्या कवचाला वरच्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुंट्या असतात. स्क्रू निघाले म्हणून कवच ओढून उचकटलं की त्या तुटतात. खालची बाजू किंचित उघडून वरच्या खुंट्या सरकवून मोकळ्या करायच्या. बोर्ड हातात आला की मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. ३ व्होल्टच्या वर असेल तर तिला हात लावायची घाई नाही. अडीचच्या खाली आली असेल तर तिचे दिवस भरले.

नवी बॅटरी बसवताना बहुतेकांची चूक एकच होते. ते साध्या बॅटरीवर थेट सोल्डर करतात. त्या उष्णतेनं आतलं सील बिघडतं, क्षमता जाते, कधी बॅटरी फुगते. पत्र्याच्या पट्ट्या कारखान्यातच वेल्ड केलेली ‘टॅबवाली’ सीआर२०३२ मिळते, तीच घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधली तर ती सापडते. जुनी बॅटरी ओढून काढू नका, पट्टीबरोबर बोर्डावरचा तांब्याचा कडा उखडतो. दोन्ही टोकांचं सोल्डर वितळवून तांब्याच्या जाळीनं टिपून घ्या, मग बॅटरी आपोआप सुटते. बोर्डावर छापलेलं अधिकचं चिन्ह पाहून नवी बसवा, प्रत्येक टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त आच देऊ नका आणि पुन्हा व्होल्टेज मोजा. सीआर२०२५ व्होल्टेजच्या दृष्टीनं चालते, पण ती पातळ आणि क्षमतेनं कमी, मग त्याच खटपटीत लवकर का पडायचं?

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं. बॅटरी काढली की रॅम पुसली जाते. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणावर लावून ते ८ किलोबाइट संगणकावर उतरवून घ्या. आपल्याला त्या डावात रस नसेल, पण तिथे १९८८ साली कुणीतरी लिहिलेलं नाव आहे, त्या मुलानं किती भुयारं पार केली, किती हृदयं मिळवली, कुठे अडकला, हे सगळं आहे. हस्तलिखिताच्या समासातल्या नोंदी अभ्यासक जपतात, त्याच जातीची ही वस्तू. सीलबंद प्रतीच्या रॅममध्ये असं काहीच नसतं. तरी बाजार तिला हजारपट भाव देतो आणि खेळलेल्या प्रतीतला डाव पुसला गेला तरी किमतीत एका डॉलरचा फरक पडत नाही.

डाव टिकवण्याची एक सूचना निन्टेंडोनं खेळाडूला दिली होती, ती आजही पाळावी. वीज बंद करताना रिसेटचं बटण दाबून धरायचं. वीज उतरत असताना प्रोसेसर क्षणभर भरकटतो आणि त्या भरात रॅममध्ये काहीही लिहू शकतो. रिसेट दाबलेलं असलं की तो थांबलेला असतो. ‘डाव टिकत नाही’ म्हणून बॅटरीवर खापर फोडलेली काही कार्ट्रिजेस खरं तर या एका कारणानं बदनाम झालेली असतात. तसंच फुंकर मारण्याचं. फुंकरीतला ओलावा संपर्कपट्ट्या गंजवतो. खेळ ‘लागला’ असं वाटतं ते कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. पट्ट्या साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. सँडपेपर कधीच नाही, त्यानं मुलामाच निघतो.

आता कागद. पुरी प्रत म्हणजे कार्ट्रिज, खोका, पुस्तिका, नकाशा, काळी धूळपिशवी आणि खोक्याच्या तळाशी बसणारा थर्माकोलचा ठोकळा. यातला कागद सजावटीचा नाही, तो खेळाचा भाग आहे. याची साक्ष देणारा एक राक्षस झेल्डातच आहे. मोठ्या कानांच्या या पोल्स व्हॉइसला मोठा आवाज सहन होत नाही, असं अमेरिकी पुस्तिका सांगते. खेळात बासरी आहे, तेव्हा ती वाजवून पाहावी असं कुणालाही वाटेल. काही होत नाही. कारण ते वाक्य जपानी खेळाचं आहे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन होता, त्यात ओरडलं की हे राक्षस मरत. अमेरिकी यंत्रात मायक्रोफोन नाही, तिथे ते बाणानं मरतात, आणि पुस्तिकेत जुनं वाक्य तसंच राहिलं. डिस्क सिस्टिममध्ये आवाजाची एक जादा वाहिनी होती, तीही कार्ट्रिजमध्ये नाही, म्हणून सुरुवातीचं संगीत दोन्हींत वेगळं ऐकू येतं. एक खेळ, दोन यंत्रं, आणि मधे एक चुकलेलं वाक्य. ही गोष्ट पुस्तिका वाचून आणि खेळ चालवूनच कळते. न उघडलेल्या खोक्यातून ती कधीच बाहेर येत नाही.

दुर्मिळतेबद्दल मोठा गैरसमज आहे, तो सोनेरी रंगामुळे. सोनेरी म्हणजे विशेष आवृत्ती असं वाटून पुष्कळ जण फसतात. जगभरात झेल्डाच्या ६५ लाखांच्या घरात प्रती खपल्या आणि अमेरिकेतली नेहमीची प्रत सोनेरीच होती. उलट राखाडी प्रत १९९२ची, ‘क्लासिक सिरीज’मधली. चालू स्थितीतलं सुटं सोनेरी कार्ट्रिज आजही बहुधा पन्नास डॉलरच्या आत मिळतं. मग ८ लाख ७० हजार कशाचे? १९८७च्या अखेरीस काही महिनेच छापल्या गेलेल्या, ‘रेव्ह-ए’ ही सुधारित आवृत्तीची खूण येण्याआधीच्या खोक्याचे, आणि त्यावरच्या प्लास्टिकचे.

आणि प्लास्टिक हीच सर्वांत सोपी नक्कल आहे. कारखान्यातल्या वेष्टनाची जोडरेघ खोक्याच्या पाठीवर इंग्रजी एच अक्षराच्या आकारात येते, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे नक्कल करणाऱ्यालाही माहीत आहे. सर्किट बोर्डाची नक्कल त्या मानानं लगेच पकडता येते. अस्सल बोर्डावर निन्टेंडोचं नाव आणि बोर्डाचा प्रकार छापलेला असतो, प्रत्येक चिप आपापल्या काळ्या आवरणात वेगळी असते, आणि तिच्यावर बहुधा चार आकडी तारीख असते. ‘८७३३’ म्हणजे १९८७चा ३३वा आठवडा. सगळ्या चिपांच्या तारखा एकमेकींशी आणि खोक्याच्या काळाशी जुळल्या पाहिजेत. काळ्या राळेचा थेंब, आजची एकच चपटी चिप, बॅटरीचा पत्ता नाही किंवा कवचाला साधे फुलीचे स्क्रू, यातलं काहीही दिसलं तर ती नक्कल. शेवटची खात्री रॉम वाचून. वाचलेल्या माहितीची बेरीज ज्ञात प्रतीशी जुळली की शंका मिटली. इतकी ठाम तपासणी ज्या वस्तूची होऊ शकते, तिचा बाजार मात्र अशा स्थितीला सर्वांत जास्त पैसे देतो जिथे ही तपासणी करताच येत नाही. २०२२मध्ये वाटाच्या मालक कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात भाव फुगवल्याच्या आरोपावरून दावा दाखल झाला. त्या आरोपांच्या खरेखोटेपणात न शिरताही एवढं म्हणता येतं की, ज्या बाजारात वस्तू पाहायचीच नसते तिथे असे संशय उगवणारच.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी कमी लेखत नाही. सीलबंद प्रती नसत्या तर खोक्याचे मूळ रंग, पुठ्ठ्याची घडी, वेष्टनाची पद्धत याचा पुरावा राहिला नसता. उन्हात फिकुटलेल्या खोक्यावरून १९८७चा रंग सांगता येत नाही. हे मान्य. पण त्यासाठी एखाद-दोन संग्रहालयांत, नियंत्रित तापमानात ठेवलेल्या मोजक्या प्रती पुरेत. आणखी म्हणतात, मोठ्या भावामुळे लोक जुन्या वस्तू फेकून देत नाहीत. तेही अर्धं खरं. फेकत नाहीत, पण सुटं, वापरलेलं, कुणाचं तरी नाव पेनानं लिहिलेलं कार्ट्रिज ‘डागी’ ठरतं आणि त्याची बॅटरी बदलण्याइतकीही किंमत कुणाला वाटत नाही. जपणूक त्या वस्तूंची होते ज्यांना कुणी हात लावलेला नाही.

तिसरं म्हणणं असं की झेल्डा कुठे नाहीसा होतो आहे? २०१८पासून तो निन्टेंडो स्विचच्या वर्गणीत मिळतो. मिळतो, वर्गणी चालू असेपर्यंत. मार्च २०२३मध्ये वी-यू आणि ३डीएस या निन्टेंडोच्या आधीच्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद झालं तेव्हा तिथली जुन्या खेळांची विक्रीही एका दिवसात थांबली. आणि झेल्डा तर भाग्यवान आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठल्याही अधिकृत मार्गानं विकत मिळत नाहीत. अभ्यासकांना ते ग्रंथालयांच्या संग्रहातून दूरस्थपणे चालवून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये नाकारली. पुस्तकाच्या अभ्यासकाला जे मिळतं ते खेळाच्या अभ्यासकाला प्रवास करून, वाचनालयाच्या भिंतींच्या आत बसूनच मिळवावं लागतं. तेव्हा जुन्या खेळांची खरी शिदोरी आजही लोकांच्या घरातल्या चालत्या कार्ट्रिजेसमध्ये आहे, आणि म्हणूनच त्यांची किंमत कशावर ठरते याला महत्त्व आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रतवारी करणाऱ्यांनी आणि लिलावगृहांनी उघडलेल्या प्रतीसाठी बोर्डाचा दाखला सुरू करावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रं, चिपांच्या तारखा, रॉमची जुळणी, बॅटरीचं व्होल्टेज, बॅटरी बदलली असल्यास कधी आणि रॅम आधी उतरवली होती का, पुस्तिकेची पानं, नकाशा आहे की नाही. नवी बॅटरी हा दोष न मानता निगा मानावी. सायकलचं टायर बदललं म्हणून सायकल नकली ठरत नाही.

आपल्याकडे झेल्डाची ओळख उशिरा आणि अर्धवट झाली, त्यालाही ही बॅटरीच बऱ्याच अंशी कारण आहे. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल होता, आणि त्याच्या ‘कॅसेट’ ६० पिनांच्या. अमेरिकी कार्ट्रिजला ७२ पिना, म्हणजे ते त्यात बसतच नसे. ‘९९९९९९९ इन १’ असं लिहिलेल्या त्या कॅसेटमध्ये थोडेच छोटे खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. बॅटरी घालून त्या महाग करायला कोण तयार होणार? म्हणून आपल्या पिढ्यांना मारिओ आणि कॉन्ट्रा पाठ आहेत, पण दिवसच्या दिवस चालणारा, नकाशा काढत खेळायचा खेळ हाताला लागला नाही. या कॅसेटही आता वारसाच आहेत आणि त्यांच्यातलं बरंच कुणीही उतरवून ठेवलेलं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावापुरती राखीव प्रत काढू देतं, एवढं तरी संग्राहकांनी माहीत करून घ्यावं.

अमेरिकेत त्या काळात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांकडे मात्र सोनेरी कार्ट्रिज खरोखर होतं, आणि अनेक तळघरांत ते अजून असेल. ते विकायला काढण्यापूर्वी, खोका नाही म्हणून हळहळण्यापूर्वी, पट्ट्या पुसून एकदा यंत्राला लावावं. नावांच्या यादीत तीन ओळी येतील. त्या भरलेल्या असतील तर बॅटरी अजून जिवंत आहे. रिसेट दाबून वीज बंद करा आणि ते ८ किलोबाइट त्याच आठवड्यात उतरवून घ्या.